लिबव्हर्टमध्ये फायरवॉलचा बॅकएंड बदलताना

केव्हीएमवरील (लिनक्सच्या व्हर्च्युअलायझेशन सोयीवरील) व्हर्च्युअल मशीनना बाहेरचे नेटवर्क बहुधा लिबव्हर्ट या मशीन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ‘डिफॉल्ट’ नेटवर्कातून, म्हणजे १९२.१६८.१२२.० या मालिकेतून मिळते आणि त्यासाठी लागणारे नॅटचे (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलण्याचे) नियम लिबव्हर्ट स्वतःच घालते. जून २०२४ मधील १०.४.० आवृत्तीपूर्वी हे काम फक्त आयपीटेबल्स या लिनक्सच्या जुन्या फायरवॉल साधनामार्फत होत असे. त्या आवृत्तीपासून एनएफटेबल्स या नव्या साधनाचा दुसरा बॅकएंडही (नियम प्रत्यक्ष घालणारी यंत्रणा) उपलब्ध झाला. परभणी किंवा लातूरच्या एखाद्या महाविद्यालयात एकाच सर्व्हरवर विद्यार्थ्यांची व्हर्च्युअल मशीन आणि डॉकरचे कंटेनर (वेगळ्या कप्प्यांत चालणारी ॲप्लिकेशन) एकत्र चालत असतील, तर यांपैकी कोणता बॅकएंड घ्यावा हे आधी ठरवावे.

सध्या कोणता चालू आहे ते प्रथम पाहावे. एनएफटेबल्सच्या टेबलांच्या यादीत ‘लिबव्हर्ट_नेटवर्क’ दिसले, तर नवा बॅकएंड चालू आहे. आयपीटेबल्सच्या यादीत ‘लिबव्हर्ट’ने सुरू होणाऱ्या साखळ्या (नियमांच्या क्रमवार याद्या) दिसल्या, तर जुना. बदल करायचा झाल्यास लिबव्हर्टच्या ‘नेटवर्क डॉट कॉन्फ’ फाइलमधील ‘फायरवॉल_बॅकएंड’ या ओळीच्या सुरुवातीचे ‘#’ काढून हवे ते नाव लिहावे आणि नेटवर्कचा डीमन (पार्श्वभूमीत चालणारी सेवा) पुन्हा सुरू करावा. स्वतः घातलेल्या नियमांची नोंद लिबव्हर्ट ठेवत असल्यामुळे जुने नियम ते स्वतःच काढते. चालू मशीन बंद करण्याची गरज नसते. तरीही यादी पुन्हा पाहून खात्री करावी. नेटवर्क फिल्टरला (एकेका मशीनच्या वाहतुकीवरील वेगळ्या नियमांना) मात्र ही ओळ लागू होत नाही.

खरी अडचण डॉकरपाशी येते. डॉकर अनेकदा फॉरवर्ड साखळीचे (एका नेटवर्कातून दुसऱ्यात जाणाऱ्या पॅकेटांच्या नियमांचे) धोरण ‘ड्रॉप’, म्हणजे पॅकेट टाकून देण्याचे, करून ठेवते. आयपीटेबल्स बॅकएंड असेल, तर लिबव्हर्टचे नियम त्याच साखळीत बसतात आणि पॅकेट तेथेच स्वीकारले जाते. एनएफटेबल्समध्ये लिबव्हर्टचे टेबल वेगळे असते, आणि एका टेबलाने पॅकेट स्वीकारले तरी दुसरे टेबल ते टाकून देऊ शकते. परिणामी मशीनला आयपी पत्ता मिळतो, होस्टला पिंगही जातो, पण बाहेरचे काहीच उघडत नाही, आणि आपण उगाच डीएनएस तपासत बसतो. अशा वेळी वापरकर्त्याच्या नियमांसाठी डॉकरने राखलेल्या ‘डॉकर-यूझर’ साखळीत लिबव्हर्टच्या ब्रिजवरून (मशीन जोडणाऱ्या आभासी स्विचवरून) जाणारी आणि त्यावर येणारी अशा दोन्ही दिशांची वाहतूक स्वीकारणारे नियम घालावेत. हे जमत नसेल, तर आयपीटेबल्स बॅकएंडच ठेवावा. डॉकर असलेल्या यंत्रावर मला तोच कमी कटकटीचा वाटतो. डॉकर नसेल, तर एनएफटेबल्स निःसंकोच घ्यावा, कारण फायरवॉलडी ही होस्टची फायरवॉल सेवा रीलोड झाल्यावरही लिबव्हर्टचे स्वतंत्र टेबल जागेवर राहते.

‘डॉकर-यूझर’मध्ये हाताने घातलेले नियम होस्ट पुन्हा सुरू झाल्यावर टिकत नाहीत. आपल्याकडे वीज गेली आणि यूपीएसही संपला, तर ही वेळ येतेच. म्हणून ते नियम डॉकरनंतर चालणाऱ्या सिस्टमडी सेवेत (लिनक्स सुरू होताना आपोआप चालणाऱ्या सेवेत) लिहावेत आणि सर्व्हर एकदा मुद्दाम रीबूट करून मशीनमधून बाहेरचा पत्ता पिंग होतो का ते पाहावे.