ब्रॉडकास्ट कन्सोलवरचे हिडन चॅनेल आणि क्यू : सेटिंग कसं करावं

डिजिटल कन्सोलवर, म्हणजे स्टुडिओतल्या आवाज मिसळण्याच्या टेबलावर, जेवढे फेडर (पातळी कमी-जास्त करायच्या सरकत्या दांड्या) दिसतात, त्यापेक्षा जास्त चॅनेल आत चालू असू शकतात. आवाजाचं मिक्सिंग इंजिनात होतं. समोरचा फेडर इंजिनाला फक्त आज्ञा देतो. त्यामुळे फेडर न देताही एखादा सोर्स (आवाजाचा स्रोत) प्रोग्राम बसवर, म्हणजे हवेत जाणाऱ्या आवाजाच्या मार्गावर, किंवा क्यूवर, म्हणजे हवेत न जाता स्टुडिओत ऐकून बघायच्या मार्गावर, पाठवता येतो. यालाच हिडन चॅनेल म्हणतात. काही कंपन्या व्हर्च्युअल फेडर म्हणतात. जागा वाचते, ऑपरेटरसमोरची गर्दी कमी होते. पण जो फेडर दिसत नाही, तो ऐन वेळी खालीही ओढता येत नाही. म्हणून माझा आग्रह एकच आहे: प्रत्येक चॅनेल आधी दिसणाऱ्या फेडरवर चालवून बघा, सगळं तपासा आणि मगच लपवा.

हे काम स्टुडिओ ऑन एअर नसतानाच करा. रोजच्या प्रोफाइलची (कन्सोलच्या सेव्ह केलेल्या सेटिंगची) प्रत काढा आणि बदल त्या प्रतीतच करा.

१. काय लपवायचं ते ठरवा

वेळेचे पिप्स (वेळ सांगणारे छोटे टोन), आपत्कालीन सूचनेचा फीड, प्लेआउट सॉफ्टवेअरचा (गाणी वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) प्रीव्ह्यू प्लेअर हे सोर्स लपवायला योग्य. त्यांची पातळी ठरलेली असते आणि कार्यक्रम चालू असताना त्यांना हात लावावा लागत नाही. माइक मात्र कधीही लपवू नका. उघडा राहिलेला माइक कुणाच्या लक्षात येईपर्यंत बोलणं हवेत गेलेलं असतं.

२. पातळी लावा

सोर्सकडून १ किलोहर्ट्झचा टोन पाठवा. फेडर ० डीबीवर ठेवा आणि इनपुट गेन फिरवून मीटरवर तुमच्या संस्थेची अलाइनमेंट पातळी, म्हणजे सगळी उपकरणं जुळवायची ठरलेली पातळी, आणा. युरोपातल्या प्रसारकांची संघटना ईबीयू हिच्या आर६८ शिफारशीप्रमाणे ती वजा १८ डीबीएफएस (डिजिटल कमाल पातळीच्या १८ डीबी खाली) असते, अमेरिकेतल्या एसएमपीटीई या तंत्रज्ञांच्या संस्थेच्या पद्धतीत वजा २०. एक उपकरण एका पद्धतीचं आणि दुसरं दुसऱ्या पद्धतीचं असेल, तर २ डीबीचा फरक कायम राहतो, आणि चॅनेल लपल्यावर तो शोधणं कटकटीचं होतं.

३. बस असाइनमेंट (कोणता चॅनेल कोणत्या बसवर जाणार)

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रत्येक चॅनेलसाठी प्रोग्राम, रेकॉर्डिंग, क्यू, रिटर्न (पाहुण्याकडे परत जाणारा आवाज) यांपैकी काय चालू आणि काय बंद, हे आधी कागदावर लिहा.

प्रीव्ह्यू प्लेअरचं उदाहरण घ्या. निवेदक पुढचं गाणं कॉम्प्युटरवर ऐकून बघतो, तो आवाज फक्त क्यू बसवर जायला हवा. म्हणजे क्यू चालू आणि प्रोग्राम बंद. नुसतं बंद ठेवून भागत नाही. कन्सोलमध्ये सोय असेल तर ती असाइनमेंट लॉक करा. नाहीतर कुणीतरी दुसरं प्रोफाइल लोड करतं, प्रोग्राम असाइनमेंट चालू होते आणि ऐकून बघायचं गाणं चालू गाण्यावर चढून प्रसारित होतं.

दुसरी गोष्ट दुहेरी मार्गाची. एकच सोर्स दिसणाऱ्या फेडरवरही आहे आणि हिडन चॅनेलवरही, असं झालं तर तो दोनदा मिसळतो. दोन्ही अगदी एकाच वेळी आणि सारख्या पातळीवर पोहोचले तर पातळी ६ डीबीनं वाढते, आणि ते मीटरवर दिसतं तरी. एक मार्ग १ मिलिसेकंद उशिरा आला, तर ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा ठिकाणी आवाज कापला जातो आणि बोलणं पोकळ, नळीतून आल्यासारखं वाटतं. असा आवाज आला की इक्वलायझरला हात लावू नका, आधी दुसरा मार्ग शोधा.

४. क्यू जोडा

क्यू हा फेडरच्या आधी घेतलेला सिग्नल असतो, म्हणून चॅनेल बंद असतानाही ऐकू येतो. दिसणाऱ्या चॅनेलला क्यूचं बटण असतं, हिडन चॅनेलला नसतं. ते तुम्हालाच द्यावं लागतं: कन्सोलवरचं एखादं रिकामं यूजर बटण घ्या आणि त्याला त्या चॅनेलचा क्यू जोडा. बटणाचा दिवा क्यू चालू असताना पेटला पाहिजे. एक अपवाद आहे: प्रीव्ह्यू प्लेअर कायम क्यू बसवरच असतो, त्याला वेगळं बटण लागत नाही.

पुढे तीन सेटिंग बघा. चॅनेल ऑन केल्यावर त्याचा क्यू आपोआप बंद व्हावा. हेडफोनमध्ये एका कानात प्रोग्राम आणि दुसऱ्यात क्यू अशी विभागणी असावी. दोन्ही एकत्र आले की निवेदकाला हवेत काय जातंय तेच कळत नाही. आणि त्या खोलीतला माइक उघडला की क्यूचा छोटा स्पीकर मॉनिटरसोबत (खोलीतल्या मुख्य स्पीकरसोबत) म्यूट व्हावा. मॉनिटर म्यूट होतात पण क्यू स्पीकर सुरूच राहतो, ही चूक बऱ्याच ठिकाणी सापडते. माइक उघडा, क्यू दाबा, आणि प्रोग्रामच्या रेकॉर्डिंगमध्ये तो आवाज पुसटसाही येतो का ते ऐका.

५. फोनवरचा पाहुणा

शक्यतो त्याला फेडर द्या. लपवावंच लागलं, तर मिक्स-मायनस तपासा: पाहुण्याला त्याचा स्वतःचा आवाज सोडून बाकी सगळं परत जायला हवं. त्याचा आवाज परत गेला तर फोनच्या विलंबामुळे त्याला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येतो आणि तो बोलताना अडखळतो.

६. लपवा आणि पुन्हा तपासा

आता फेडर काढून घ्या आणि चॅनेल हिडन करा. प्रोफाइल नव्या नावानं सेव्ह करा. मग रोजची सगळी प्रोफाइल एकेक करून लोड करा आणि दर वेळी लपवलेल्या चॅनेलची स्थिती बघा. काही कन्सोलवर प्रोफाइल बदललं तरी ठरावीक चॅनेल जसेच्या तसे राहावेत अशी सेफ किंवा आयसोलेट सोय असते. पिप्स आणि आपत्कालीन फीडसाठी ती जरूर वापरा.

शेवटी कन्सोलचा वीजपुरवठा बंद करून पुन्हा सुरू करा. चॅनेल ऑन स्थितीत, त्याच पातळीवर परत आले का ते टोन पाठवून बघा. मग लपवलेल्या चॅनेलची यादी, त्यांच्या असाइनमेंट आणि ते तातडीनं बंद करायचं बटण एका कागदावर लिहून कन्सोलच्या शेजारी लावा. ही यादी रात्रपाळीच्या ऑपरेटरलाही दाखवा.