विण्याचा हंगाम तोंडावर आलाय? गायींचा कळप असा तयार करा

आधी नोंदवही काढा. गाय साधारण 280 ते 285 दिवसांत विते, म्हणजे रेतनाची किंवा वळू सोडल्याची तारीख लिहिलेली असेल तर पहिली गाय केव्हा विणार हे आजच सांगता येतं. त्या क्रमाने यादी करा आणि पहिलारू कालवडींपुढे खूण करा. अडण्याची भीती त्यांनाच जास्त.

मग गायींच्या अंगाकडे बघा. शेवटच्या तीन महिन्यांत पोटातलं वासरू झपाट्याने वाढतं. वासरू मोठं होऊन गाय अडेल म्हणून काहीजण याच काळात वैरण तोडतात. तसं अजिबात करू नका. गाय सुटसुटीत वीत नाहीच, उलट कळा द्यायला तिच्या अंगात जोर राहत नाही आणि चीकही हलका पडतो. वासरांच्या हगवणीची लस गाभण गायीलाच देतात, कारण संरक्षण चिकातून उतरतं. वेळ पशुवैद्यकाला विचारून ठरवा.

जागा कोरडी, वारा अडवलेली हवी. आधी जन्मलेली वासरं जिथे फिरतात तिथे हगवणीचे जंतू साठत जातात. म्हणून व्यालेल्या गायी तिथेच ठेवून गाभण गायी दर आठवड्या-दोन आठवड्यांनी नव्या जागेत न्याव्यात. महिनाभर आधीपासून मुख्य वैरण संध्याकाळी टाकायला लागा. मग बऱ्याच गायी दिवसा वितात.

एका पेटीत लांब हातमोजे, साबण, वंगण, वासरू ओढायच्या स्वच्छ साखळ्या, आयोडीन, विजेरी, टॉवेल आणि दुधाची बाटली भरून ठेवा. पशुवैद्यकाचा नंबर झाकणावर लिहा.

कास भरली, शेपटीच्या मुळाशी खड्डे पडले, गाय कळपापासून बाजूला जाऊन उठबस करू लागली की लांबून लक्ष ठेवा. पाणमोट (वासराभोवतीची पाण्याची पिशवी) दिसताच घड्याळ बघा. दोन खूर, तळवे खाली, त्यांवर टेकलेलं नाक दिसलं तर तिला तिचं करू द्या. तळवे वर असतील तर बहुधा मागचे पाय आहेत. एकच पाय किंवा नुसती शेपटी आली तर ओढाओढ नको, लगेच फोन करा. सगळं सरळ दिसत असूनही कालवड तासाभरात आणि जुनी गाय अर्ध्या तासात पुढे सरकली नाही, तरी थांबू नका.

वासरू पडल्यावर नाकातोंडातला चिकटा पुसा, त्याला छातीवर बसवा, नाकपुडीत काडी फिरवा. उलटं टांगू नका. नाळ आयोडीनमध्ये बुडवा. दोन तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे. तासागणिक आतड्याची तो शोषायची ताकद घटते आणि 24 तासांत संपते. 35 किलोच्या वासराला पहिल्या काही तासांत तीन-साडेतीन लिटर लागतो. गोठवलेला चीक कोमट पाण्यात वितळवा, उकळत्या पाण्यात नको.

वार (वासरामागून पडणारी झार) हाताने ओढू नका. 24 तासांत पडली नाही तर पशुवैद्यकाला बोलवा.