शस्त्रव्यापाराविरुद्ध आंतरराष्ट्रीय आंदोलन उभारताना या चुका टाळा

एकाच वेळी अनेक देशांत शस्त्रव्यापाराविरुद्ध उभे राहायचे ठरले की बहुतेक नवे गट पहिल्या बैठकीत तारीख, घोषवाक्य आणि बोधचिन्ह ठरवून मोकळे होतात. नेमका कोणता माल, प्रवासाच्या कोणत्या टप्प्यावर आणि कोणाच्या निर्णयाने अडू शकतो, हा प्रश्न निघेपर्यंत पत्रके छापून झालेली असतात. पुढच्या बहुतेक चुका या घाईतूनच जन्माला येतात.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे जहाजांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावरील नकाशालाच पुरावा मानणे. जहाजावरील स्वयंचलित ओळख यंत्रणा त्याचे स्थान बऱ्यापैकी अचूक कळवते, परंतु पुढचे बंदर आणि तेथे पोहोचण्याची अपेक्षित वेळ ही माहिती जहाजावरील माणसे हाताने भरतात, आणि ती वेळोवेळी सुधारली जाईल याची कोणतीही खात्री नसते. जहाजाच्या पोटात काय आहे, हे तर नकाशाला मुळीच ठाऊक नसते.

एका मोहिमेत वेगवेगळ्या देशांतील गटांमध्ये समन्वय ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. लष्करी माल वाहणारे म्हणून बदनाम झालेले एक जहाज आपल्या बंदराकडे वळल्याचे दिसताच तेथील नव्या कार्यकर्त्यांनी, मालाची कागदपत्रे हाती येईपर्यंत थांबा असे बजावूनही, गोदी कामगारांच्या युनियनला कळवले आणि वार्ताहरांनाही बोलावले. कामगारांनी त्यांच्या शब्दाखातर काम थांबवले. जहाज धक्क्याला लागल्यावर कळले की लष्करी माल आधीच्याच बंदरात उतरला होता आणि उरली होती ती शेतीची यंत्रे. कामगारांची त्या पाळीची मजुरी बुडाली. कार्यकर्ते मात्र ‘निदान जागृती तरी झाली’ असे म्हणत घरी गेले. काही काळाने त्याच बंदराबाबत खरी, तपासलेली माहिती हाती आली, तेव्हा युनियनच्या पदाधिकाऱ्यांनी आम्हाला भेटही दिली नाही, आणि त्यांचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही.

याउलट एप्रिल २००८ मध्ये ‘आन युए जिआंग’ हे चिनी जहाज झिम्बाब्वेसाठी शस्त्रे घेऊन दक्षिण आफ्रिकेतील डर्बनजवळ आले, तेव्हा मालाची कागदपत्रे आधीच उघड झाली होती. त्यामुळे वाहतूक कामगारांची संघटना माल उतरवण्यास ठाम नकार देऊ शकली, न्यायालयात धाव घेणाऱ्यांच्या हाती ठोस आधार होता, आणि जहाज तेथून निघाल्यावर शेजारच्या देशांतील संघटनांना काय सांगायचे हेही स्पष्ट होते. मे २०१९ मध्ये ‘बाहरी यान्बू’ हे सौदी जहाज जेनोआला पोहोचले, तेव्हा तेथील गोदी कामगारांनी लष्करी वापराची शंका असलेले जनरेटर चढवण्यास नकार दिला. त्याआधी फ्रान्समधील ल आव्र येथील ठरलेला माल न घेताच ते पुढे गेले होते. एका बंदरातील तपासलेली माहिती वेळेवर दुसऱ्या बंदरात पोहोचली, तरच अशा कामाला आंतरराष्ट्रीय म्हणता येते. माझी सवय अशी आहे की कागद पाहिल्याशिवाय युनियनला दूरध्वनी करायचा नाही आणि युनियनने होकार दिल्याशिवाय वार्ताहरांना काहीही कळवायचे नाही. नवख्यांना हे संथ वाटते. त्यांना तसे वाटू द्यावे.

दुसरी चूक आकड्यांची आहे. स्टॉकहोममधील सिप्री या संस्थेची शस्त्रहस्तांतरणाची आकडेवारी सर्वजण वापरतात, परंतु तिच्यातील निर्देशांक-मूल्य हे व्यवहारात मोजलेले पैसे नव्हेत, तर हस्तांतरित झालेल्या शस्त्रांच्या लष्करी क्षमतेचे प्रमाण मोजण्याचे एकक आहे. जुने विमान कोणी फुकट दिले तरी त्याचे मूल्य तेथे नोंदले जाते. हा आकडा ‘इतक्या कोटी डॉलरची विक्री’ म्हणून पत्रकात छापला, की कंपनीचा जनसंपर्क अधिकारी दोन ओळींच्या खुलाशात संपूर्ण पत्रक निकालात काढतो. पैशांविषयी बोलायचे असेल तर त्या त्या सरकारचे निर्यात परवान्यांचे अहवाल वाचावेत, आणि तेथेही परवाना मिळणे व माल प्रत्यक्ष रवाना होणे या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २ एप्रिल २०१३ रोजी स्वीकारलेला आणि २४ डिसेंबर २०१४ पासून लागू झालेला शस्त्रव्यापार करार सर्वच देशांना बांधतो, असे समजून निवेदने लिहू नयेत. अमेरिकेने सही केली, पण अनुसमर्थन, म्हणजे करार बंधनकारक करणारी औपचारिक मंजुरी, दिले नाही. रशियाने सहीसुद्धा केलेली नाही. सदस्य देशाच्या सरकारला लिहिताना मात्र सहाव्या आणि सातव्या कलमांचा नावानिशी उल्लेख करावा, कारण प्रतिबंध आणि धोक्याचे मूल्यमापन तेथे आहे. ‘मानवतेच्या नावाने’ लिहिलेली पत्रे मंत्रालयात फार लवकर फाइलबंद होतात.

शस्त्रप्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या दिवशीच सगळी ताकद खर्च करणे ही सवयीची चूक आहे. लंडनमध्ये विषम वर्षांच्या सप्टेंबरात भरणाऱ्या डीएसईआय प्रदर्शनाला विरोध करणाऱ्यांनी मांडणीच्या आठवड्यावर भर दिला, तो अवजड सामग्री त्याच दिवसांत रस्त्याने येते म्हणून. छायाचित्रे उद्घाटनाच्या दिवशी चांगली मिळतात, हे मान्य.

मात्र तेथील डावपेच जसेच्या तसे उचलू नयेत. २०१७ मध्ये त्या प्रदर्शनाचा रस्ता अडवणाऱ्यांच्या बाजूने ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये निकाल दिला, तो निकाल दाखवून इतर देशांतील तरुणांना निर्धास्त करणारे संयोजक मी पाहिले आहेत. खुद्द ब्रिटनमध्येही २०२३ च्या कायद्याने स्वतःला साखळीने जखडून घेणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. प्रत्येक देशात स्थानिक वकील आधी, साखळ्या नंतर.

सहभागींचे चेहरे दिसणारी छायाचित्रे त्यांना विचारल्याशिवाय प्रसिद्ध करू नयेत. शस्त्रकारखान्यातील कामगारांना शत्रू ठरवू नये. आतली माहिती बहुधा त्यांच्याकडूनच येते. एकाच देशाच्या निर्यातीवर बोलणाऱ्या गटाने आपल्या देशाचे परवाने आधी तपासावेत.

विजय जाहीर करण्याची घाई ही शेवटची चूक. जून २०१९ मध्ये ब्रिटनच्या अपील न्यायालयाने सौदी अरेबियाला होणाऱ्या निर्यातीच्या परवान्यांची निर्णयप्रक्रिया बेकायदा ठरवली, तेव्हा अनेकांनी ‘विक्री थांबली’ असे लिहिले. प्रत्यक्षात जुने परवाने आपोआप रद्द झाले नव्हते, आणि जुलै २०२० मध्ये सरकारने नवे परवाने देणे पुन्हा सुरू केले. तोवर आनंद साजरा करणाऱ्यांपैकी बरेच जण दुसऱ्या विषयाकडे वळले होते. म्हणून निकालाच्या दिवशीच, पुढचा परवाना अहवाल कधी प्रसिद्ध होणार आणि तो कोण वाचणार, हे ठरवून नाव लिहून ठेवावे.