स्पंजांवर काम करायचंय? आधी ओहोटीचं वेळापत्रक बघा

सागरी जीवशास्त्राला येणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात डॉल्फिन असतो, नाहीतर कासव. मी स्पंजांवर काम करणार म्हटल्यावर घरून पहिला प्रश्न आला, "म्हणजे आंघोळीचा?" तसं बघितलं तर बरोबरच होतं त्यांचं, आंघोळीचा खरा स्पंज म्हणजे याच प्राण्याचा सांगाडा. शाळेच्या पुस्तकात 'रंध्रीय प्राणीसंघ' म्हणून त्याला परिच्छेदभर जागा मिळते. तोंड नाही, पोट नाही, चेता नाहीत, स्नायू नाहीत. तरी हा प्राणी दिवसभर पाणी उपसून त्यातले जिवाणू गाळून खातो.

नवीन मुलं आली की लगेच डीएनएच्या मागे लागतात. माझं मत उलट आहे. आधी जिवंत स्पंज बघा, मग त्याच्या कंटिका, म्हणजे सांगाड्यातल्या बारीक सुया, हाताने काढायला शिका, आणि त्यानंतर यंत्रांकडे वळा.

बघायचा तर ओहोटी गाठायला हवी. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाणी फारसं मागे सरत नाही. तेव्हा गेलात तर कालवं आणि शेवाळ बघून परत याल. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण धरा. मुंबईत त्या दिवसांत भरती दुपारी बाराच्या आसपास असते, म्हणजे खोल ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. पाणी पूर्ण ओसरायच्या तासभर आधी खडकांवर पोचा आणि पाणी वळलं की निघा. जाड तळव्याचे जुने बूट घाला, चपला नकोत. स्पंज उघड्या हाताने चोळू नका, काहींच्या कंटिका कातडीत घुसतात आणि खाज दिवसभर जात नाही. पोवळी आणि समुद्रपंखे तर उचलायचेच नाहीत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत आहेत ते.

कपारीत, सावलीच्या बाजूला, नारिंगी किंवा हिरवट थर दिसेल आणि त्यावर बारीक ज्वालामुखीसारखी तोंडं. पाण्याखाली असलेलाच तुकडा निवडा. ड्रॉपरमध्ये समुद्राच्या पाण्यात कालवलेला खाण्याचा रंग घ्या आणि स्पंजाच्या अंगालगत हळूच सोडा, तोंडावर नाही. रंग अंगावरच्या छिद्रांतून आत ओढला जातो आणि थोड्या वेळाने वरच्या तोंडातून धार होऊन बाहेर पडतो. एवढं एकदा डोळ्यांनी बघितलं की ऑस्टिया (आत घेणारी छिद्रं) कोणतं आणि ऑस्क्युलम (बाहेर सोडणारं तोंड) कोणतं हे परत पाठ करावं लागत नाही.

हा पंप चालवतात कॉलर पेशी. प्रत्येकीला एक कशाभिका, म्हणजे चाबकासारखा हलणारा धागा, आणि तिच्याभोवती बारीक तंतूंची कॉलर. समुद्रात अशाच दिसणारे एकपेशीय जीवही आहेत, कोएनोफ्लॅजेलेट. हे साम्य एकोणिसाव्या शतकातच लक्षात आलं होतं, आणि आज त्यांना प्राण्यांचे सगळ्यात जवळचे एकपेशीय नातलग मानतात. 1907 साली अमेरिकन जीवशास्त्रज्ञ हेन्री विल्सन यांनी स्पंज बारीक कापडातून पिळून त्याच्या पेशी सुट्या केल्या. त्या पेशी पुन्हा एकमेकींना चिकटून त्यांतून नवा स्पंज उभा राहिला. प्रयोगशाळेत परवानगी मिळाली तर हा प्रयोग करून बघाच. फक्त पाण्यातलं कॅल्शियम काढून टाकलंत तर पेशी चिकटत नाहीत.

आता कंटिका. नमुना घेण्याआधी फोटो काढा, कारण अल्कोहोलमध्ये रंग उडून जातो आणि मग सगळे स्पंज एकाच मळकट रंगाचे दिसतात. नमुना साध्या फॉर्मेलिनमध्ये टाकू नका: डीएनए खराब होतो आणि चुन्याच्या कंटिका विरघळतात. जवळजवळ शुद्ध अल्कोहोल वापरा आणि दुसऱ्या दिवशी ते बदला, कारण स्पंजाच्या अंगात पाणीच फार. मग तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेऊन त्यावर ब्लीचचे थेंब टाका. बुडबुडे येतात, मांस विरघळतं, तळाशी पांढरी धूळ उरते. ती पाण्याने चार-पाच वेळा धुवा. दर वेळी तळाशी बसू द्यायची, घाई केलीत तर निम्म्या कंटिका पाण्याबरोबर जातात. शेवटी अल्कोहोलने धुऊन काचपट्टीवर वाळवा. सूक्ष्मदर्शकाखाली सिलिकाच्या सुया दिसतील: कुणाला दोन्हीकडे टोक, कुणाच्या एका टोकाला टाचणीसारखी गाठ. जात ओळखायचा पहिला आधार हाच. काही स्पंजांना मात्र कंटिकाच नसतात, नुसते स्पंजिन या प्रथिनाचे धागे. तिथे ही पद्धत उपयोगी नाही.

किनाऱ्यावर चाळणीसारखा झालेला कालवाचा शिंपला मिळाला तर खिशात टाका. बहुतेक वेळा ते क्लायोना नावाच्या, शिंपला पोखरणाऱ्या स्पंजाचं काम असतं.

स्पंजांहूनही साधा प्राणी हवा असेल तर ट्रायकोप्लॅक्स. 1883 साली जर्मन प्राणिशास्त्रज्ञ शुल्झे यांना तो ऑस्ट्रियातल्या ग्राट्झ इथल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, काचेवर सरपटताना सापडला. दोन-तीन मिलिमीटरचा चपटा जीव. शेवाळावर बसून पोटाखालीच ते पचवतो. बरीच वर्षं त्याला दुसऱ्याच कुठल्या तरी प्राण्याची अळी समजत होते; स्वतंत्र संघ मिळाला तो 1971 मध्ये. 2008 साली त्याचा जीनोम वाचला तेव्हा त्यात साडेअकरा हजारांच्या आसपास जनुकं निघाली.

मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: प्राण्यांच्या वंशवृक्षात पहिली फांदी स्पंजांची की टेनोफोरांची (जेलीफिशसारख्या दिसणाऱ्या, पारदर्शक 'कोंब जेलीं'ची)? 2023 मध्ये गुणसूत्रांवरच्या जनुकांच्या मांडणीवरून टेनोफोरांच्या बाजूने कौल आला, पण वाद मिटलेला नाही. दोन्ही बाजू सांगा. एकच उत्तर ठोकून दिलंत तर पुढचा प्रश्न अवघड येतो.

शिकायला गोवा विद्यापीठ, कोचीचं कुसॅट (कोचीन विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठ), तमिळनाडूत परंगीपेट्टईचं अण्णामलै विद्यापीठाचं सागरी केंद्र ही सरळ नावं. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत प्रकल्पांच्या जागा निघतात, पण त्या मुदतीच्या असतात हे घरी आधीच सांगून ठेवा. नुसत्या वर्गीकरणावर नोकरी मिळणं कठीण. रसायनशास्त्राची जोड असेल तर दारं वाढतात: स्तनाच्या कर्करोगावरचं एरिब्युलिन हे औषध एका जपानी स्पंजात सापडलेल्या रेणूवरूनच बनलं. नेट किंवा गेटची तयारी पावसाळ्यात करा. तेव्हा तसंही खडकांवर जाता येत नाही. प्राध्यापकांना ईमेल करताना गुणपत्रिकेबरोबर स्वतः बनवलेल्या कंटिकांच्या काचपट्ट्यांचे दोन-तीन फोटो जोडा, मोजपट्टी टाकून.