हिवाळ्याआधी मधपेट्यांची तयारी: साखर कधी, कोणती आणि कशी द्यायची

शेवटच्या मधकोठ्या (काढणीच्या मधासाठी पेटीवर चढवलेले मजले) उतरवल्या की त्याच आठवड्यात प्रत्येक पेटीचं वजन बघायला घ्या. मागच्या बाजूनं पेटी जरा उचलून बघितली तरी सरावानं अंदाज येतो. हाताचा भरवसा नसेल तर हुकाचा वजनकाटा वापरा आणि आकडा वहीत लिहा, कारण पुढे हिवाळाभर तुलना त्याच आकड्याशी करायची आहे. कडाक्याची, लांबणारी थंडी असेल तिथे युरोपीय मधमाश्यांच्या एका वसाहतीला २५ ते ४० किलो साठा लागतो, सौम्य थंडीत बऱ्याच कमीवर भागतं. लँगस्ट्रॉथ या प्रचलित पद्धतीच्या पेटीची, दोन्ही बाजूंनी भरलेली पोळ्याची मोठी चौकट म्हणजे अडीच ते तीन किलो मध, एवढं लक्षात ठेवलं की चौकटी मोजूनही हिशेब जमतो. जो तुटवडा निघेल तेवढाच साखरेनं भरून काढायचा. सगळा मध काढून घेऊन त्या जागी साखर देणं मला पटत नाही. मधमाश्यांचं अन्न मध आहे, साखर ही फक्त तूट भरण्यासाठी.

पाक करण्याआधी व्हरोआचा, म्हणजे मधमाश्यांवर जगणाऱ्या बारीक गोचिडांचा, बंदोबस्त झाला पाहिजे. हिवाळा काढणाऱ्या माश्या काही महिने जगतात आणि त्या आताच तयार होत असतात. गोचिडांनी पोखरलेल्या माश्यांसमोर कितीही साखर ठेवली तरी ती वसाहत तगत नाही. अगदी दुबळी पण निरोगी वसाहत असेल तर ती शेजारच्या सशक्त वसाहतीत मिसळून टाका.

साखर घ्यायची ती साधी पांढरी, दाणेदार. गूळ, काकवी, तपकिरी साखर यांतलं काहीही नको. थंडीत मधमाश्या आठवडेच्या आठवडे बाहेर पडत नाहीत आणि पेटीत घाण करत नाहीत. सगळा मळ पोटात धरून ठेवतात. गुळातले क्षार आणि न पचणारे घटक हा साठा वाढवतात, मग हगवण लागते आणि चौकटींवर, दारावर तपकिरी शिंतोडे दिसू लागतात. तयार पिठीसाखरेत बहुधा स्टार्च घातलेला असतो, तीही टाळा. आणि कुठूनतरी स्वस्तात मिळालेला मध तर अजिबात देऊ नका, त्यातून फाउलब्रूड या मधमाश्यांच्या पिल्लांना मारणाऱ्या रोगाचे बीजाणू घरात येतात.

पाकाचं प्रमाण वजनानं दोनास एक: दोन किलो साखर, एक लिटर पाणी. पाणी गरम करा, भांडं खाली उतरवा आणि मग साखर घालून पाक नितळ दिसेपर्यंत ढवळा. गॅसवर ठेवून तार आणायची नाही, लिंबू पिळायचं नाही. उष्णता आणि आंबटपणा एकत्र आले की साखरेपासून हायड्रॉक्सिमिथाइलफरफ्युरल बनतं आणि ते मधमाश्यांना विषारी आहे. पातळ, एकास एक पाक वसंतासाठी ठेवा; आता तो दिला तर त्यातलं पाणी उडवण्यातच माश्यांची शक्ती जाते.

पाक कोमट झाला की फीडर (पाक पाजायचं भांडं) पेटीच्या आत, वरच्या बाजूला, संध्याकाळी ठेवा. पृष्ठभागावर काड्या किंवा लाकडाच्या चकत्या तरंगत्या सोडा, नाहीतर माश्या बुडून मरतात. दार दोन-तीन माश्या जातील एवढंच उघडं ठेवा आणि सांडलेला थेंबन् थेंब पुसून घ्या. वासानं शेजारच्या पेट्या जाग्या झाल्या की लुटालूट सुरू होते, आणि ती आवरणं फार कठीण. आंबूस वास आलेला पाक फेकून द्या.

हे सगळं दिवसाचं तापमान १० अंशांखाली उतरायच्या बरंच आधी उरकायचं. पाक घट्ट करून त्यावर मेणाची झाकणं चढवायला माश्यांना ऊब आणि वेळ लागतो. अर्धवट राहिलेला पाक आंबतो आणि पेटीत ओल वाढवतो.

थंडी बसल्यावर द्यायची ती कोरडी साखर किंवा साखरेची वडी, आणि तीही ऊब धरायला एकमेकींना बिलगून बसलेल्या माश्यांच्या गोळ्याच्या बरोबर वर. गारठ्यात गोळा बाजूला सरकू शकत नाही. भरलेली चौकट चार बोटांवर असताना उपासमारीनं मेलेल्या वसाहती सापडतात. माश्या रिकाम्या घरांत डोकं खुपसलेल्या असतात, शेपट्या तेवढ्या बाहेर. म्हणून लाकडी पट्ट्यांचं दोन-तीन इंच उंचीचं रिंगण आताच करून ठेवा. वारा नसलेल्या उबदार दुपारी झाकण काढा, चौकटींच्या माथ्यावर वर्तमानपत्राचा कागद पसरा, त्यावर रिंगण ठेवून साखर ओता, पाण्याचा हलका फवारा मारा आणि लगेच बंद करा. हीच साखर वर साचणारी वाफही शोषून घेते. तरी झाकणाखाली हवेला वाट ठेवा, गार पाणी गोळ्यावर ठिबकलं तर माश्या टिकत नाहीत.

सगळ्यात जास्त लक्ष हिवाळा सरताना द्या. राणी अंडी घालू लागली की पिल्लांसाठी आतलं तापमान ३४-३५ अंशांवर राखावं लागतं आणि साठा झपाट्यानं संपतो. पेटी उचलून बघा, वहीतल्या आकड्याशी ताडा, हलकी लागली तर त्याच दिवशी साखर द्या. फुलोरा नीट सुरू झाल्यावर उरलेली साखर काढून घ्या आणि मगच मधकोठ्या चढवा, म्हणजे साखरेचा साठा काढणीच्या मधात मिसळणार नाही.