पन्नास पानांचा स्वयंपाक घरी: कोणती भाजी चिरलेली आणावी, कोणती हातानं चिरावी

घरात बारसं असलं की पन्नास पानं सहज होतात. आचारी बोलावलेला नसतो, चार-पाच हात घरचेच असतात, आणि खरा वेळ फोडणीत जात नाही, तो निवडण्या-चिरण्यात जातो. मग कोणी म्हणतं, सगळी भाजी चिरलेलीच आणूया. दुसरं म्हणतं, बाहेरची चिरलेली मुळीच नको. मला दोन्ही पटत नाही. सुरी लागल्यावर काही भाज्या कोरड्या राहतात, काहींना पाणी सुटतं, काही काळ्या पडतात. प्रत्येकीचा निर्णय त्यावरून घ्यावा.

आपण मसालेभात, फ्लॉवर-मटार रस्सा, बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर, पुऱ्या आणि मठ्ठा असा बेत धरू. गोड बाहेरून येईल.

१. आधी यादी, मग वाटणी

पन्नास पानांना ४ किलो तांदूळ, तोंडली आणि वांगी प्रत्येकी १ किलो, मटारदाणे २ किलो, बटाटे ५ किलो, कांदे अडीच किलो, काकडी ४ किलो आणि कोथिंबिरीच्या ४ जुड्या पुरतात. फ्लॉवर ६ किलो आणावा. पानं आणि दांडे गेल्यावर त्यातून साधारण साडेतीन किलो तुरे हाती येतात. चिरलेल्या भाजीचा भाव महाग वाटतो तेव्हा हा जाणारा कचराही हिशेबात धरावा.

२. काय तयार आणावं

मटार डोळे झाकून तयार घ्या. दोन किलो दाण्यांसाठी चार-पाच किलो शेंगा सोलायला बसलं तर दोघींची दुपार जाते. गोठवलेले दाणे आधीच गरम पाण्यातून काढलेले असतात, म्हणून ते रश्शात शेवटच्या पाच मिनिटांतच घालायचे. पाकीट हातात घेऊन हलवून बघा. दाणे सुटे वाजले पाहिजेत. सगळ्याचा एकच गोळा झाला असेल, तर ते मध्ये कधीतरी वितळून पुन्हा गोठलेलं असतं. सुटे सोललेले मटार घेणार असाल तर त्यातले मूठभर काचेच्या पेल्यात, पाण्यात अर्धा तास ठेवा. पाण्याला हिरवा रंग उतरला तर ते परत करा. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं घरच्या घरी करण्यासाठी सांगितलेली ही तपासणी आहे.

खवलेला नारळ तयार चालतो, पण तो फ्रीजरमधलाच हवा. तोंडलीही चिरून घ्यायला हरकत नाही. मुंबईत स्टेशनाबाहेर निवडलेल्या, चिरलेल्या भाजीच्या पिशव्या घेऊन मावश्या बसतात. ओळखीच्या मावशींना आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर हव्या त्या आकारात त्या चिरून देतात. मात्र पिशवीच्या तळाशी पाणी साचलेलं असेल, कडा तपकिरी झाल्या असतील किंवा उघडल्यावर आंबूस वास आला, तर ती घेऊ नका. आणल्यावर एकदा झटपट धुऊन निथळा, भिजत ठेवू नका.

फ्लॉवर मात्र मी चिरलेला घेत नाही. तुऱ्याच्या आत अळी असते आणि ती गड्डा उघडल्याशिवाय दिसत नाही.

३. आदल्या संध्याकाळी

फ्लॉवरचे तुरे काढून मिठाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, निथळा, पंचावर पसरून कोरडे करा आणि मग फ्रीजमध्ये ठेवा. ओले तसेच डब्यात भरले तर सकाळी वास येतो. तोंडली घरी चिरणार असाल तर तीही आत्ताच चिरा. आतून लाल निघालेली बाजूला काढा, ती भातात आंबट लागतात. तोंडलीला माझा हात सुरीपेक्षा विळीवर जास्त चालतो.

बटाटे सालासकट उकडून, गार करून फ्रीजमध्ये ठेवले तर सकाळी फोडी न तुटता पडतात. फ्रीजमध्ये जागा नसेल तर ते सकाळीच उकडा. चिरलेली किंवा उकडलेली कुठलीही गोष्ट बाहेर दोन तासांवर राहू देऊ नये.

कोथिंबीर निवडा, धुवा, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवा, पण चिरू नका. चिरली की ती काळी पडते आणि तिचा वास जातो.

४. चिरायला बसताना

चारजणी मदतीला आल्या की प्रत्येकीपुढे प्रत्येक भाजी थोडी थोडी वाढली जाते. तसं करू नका. दोन हातांचे काप कधी सारखे येत नाहीत, आणि मोठ्या पातेल्यात ते लगेच कळतं. तळाची भाजी शिजते, वरची कच्ची राहते, ढवळत राहिलं तर लहान तुकड्यांचा लगदा होतो. एका भाजीला एकच माणूस द्या आणि समोर ताटलीत नमुन्याचे चार तुकडे ठेवा. तोंडलीच्या उभ्या चार फोडी, फ्लॉवरचा तुरा दोन घासांत संपेल एवढा. भाजी आधी धुवायची, मग चिरायची. उलट केलं तर तिचं सत्त्व पाण्याबरोबर जातं.

५. कांदा, सकाळीच आणि हातानं

एका बारशाला मी अडीच किलो कांदा आदल्या रात्री चॉपरमधून काढून ठेवला होता. सकाळी डब्यात वाटीभर पाणी होतं, कांदा कडवट झाला होता आणि शेजारी ठेवलेल्या श्रीखंडालाही त्याचा वास लागला होता. चॉपरचं पातं कांदा कापता कापता चेचतं. असा कांदा तेलात टाकला की परतला जात नाही, स्वतःच्याच पाण्यात शिजतो, आणि रश्शाला खमंगपणा येत नाही. वाटणात जाणारा कांदा चॉपरमधून काढला तर चालेल. बाकीचा सोलून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे डोळ्यांना कमी झोंबेल, आणि धारदार सुरीनं उभा चिरा. एवढा कांदा परतायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो, तो आधीच धरून ठेवा. सुरुवातीलाच थोडं मीठ घातलं की तो लवकर मऊ होतो.

६. अगदी शेवटी

वांगी फोडणीच्या आधी चिरून थेट मिठाच्या पाण्यात टाका. बाहेर राहिली तर पाच मिनिटांत काळवंडतात.

काकडी सगळ्यात शेवटी. देठाकडची चकती चाखून बघा, कडू लागली तर ती काकडी बाजूला ठेवा. किसू नका, चोचवा. काकडी हातात उभी धरून सुरीनं तिच्यावर जवळजवळ चिरा द्यायच्या आणि मग वरून पातळ पातळ कापत जायचं. असे बारीक तुकडे कुरकुरीत राहतात, किसाचं मात्र सगळं पाणी होतं. दाण्याचं कूट, मिरची आणि फोडणी तयार ठेवा. पंगत बसली की पाव पाव भाग कालवा, आणि मीठ त्या वेळीच घाला.