हातच्याची बेरीज: आधी काड्या, मग चित्र, मग वही

२७ + १५ दिलं की दुसरीतली बरीच मुलं ३१२ लिहितात. सात न् पाच बारा, लिहिले, दोन न् एक तीन, लिहिले, झालं गणित. आपण म्हणतो अरे हातचा विसरलास, मग पुढच्या वेळी मूल डोक्यावर गुपचूप १ लिहितं आणि उत्तर बरोबर येतं, पण तो १ कशाचा रे असं विचारलं की गप्प. तो १ म्हणजे दहाचा एक अख्खा गठ्ठा आहे, आणि तो गठ्ठा मुलाने स्वतःच्या हाताने बांधलेला असला पाहिजे, वहीतला हातचा त्यानंतरच यायला हवा असं मला अगदी मनापासून वाटतं.

सामान फार काही लागत नाही. निदान सव्वाशे काड्या, थोडे रबरबँड आणि एका मोठ्या कागदावर उभी रेघ मारून दोन घरं, डावीकडे दशक, उजवीकडे एकक. गठ्ठे आधीच बांधून तयार ठेवू नका प्लीज, सगळी गंमत तिथेच जाते. पहिले दोन-तीन दिवस बेरीज काढायचीच नाही, नुसत्या मूठभर काड्या घे, मोज, दहा झाल्या की रबर लाव, गठ्ठा दशकाच्या घरात, उरलेल्या सुट्या एककाच्या घरात. एककाच्या घराचा नियम एकच, इथे नऊपर्यंतच राहता येतं, दहावी आली की गठ्ठा होऊन शेजारच्या घरी जायचं.

इथे आपल्या भाषेची एक अडचण आहे ती लक्षात घ्या. सत्तावीस म्हणताना सात आधी येतो आणि वीस नंतर, म्हणून मूल ७२ लिहितं, त्यात त्याचं काही चुकत नाही, ते ऐकलं तसंच लिहितंय. एकोणतीस तर अजून अवघड, कानाला तीस ऐकू येतं आणि गठ्ठे मात्र दोनच. म्हणून काही दिवस दोन्ही बोलायचं, "दोन दशक सात सुटे, सत्तावीस". एकोणतीसला दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या मांडून घ्या आणि विचारा तिसरा गठ्ठा व्हायला किती कमी पडतात, "एक कमी तीस" हे तेव्हा डोळ्यांना दिसतं.

आता बेरीज. वरच्या ओळीत २ गठ्ठे ७ सुट्या, त्याखाली १ गठ्ठा ५ सुट्या. सगळ्या सुट्या एकत्र करायला सांगा, बारा होतात, आणि आता तुम्ही काही बोलू नका, थांबा. मूल घराकडे बघतं, काड्यांकडे बघतं, मग दहा मोजून रबर लावतं आणि गठ्ठा पलीकडे सरकवतं. चार गठ्ठे, दोन सुट्या, बेचाळीस. ही जी सरकवायची क्रिया आहे ना तोच हातचा, शब्द तेव्हाच सांगा, आधी नाही.

बिनहातच्याची गणितं (२३ + १४ वगैरे) थोडीच द्या. त्यात दोन्ही घरं वेगवेगळी सोडवली तरी उत्तर बरोबरच येतं, म्हणजे मुलाला गठ्ठ्याचा विचार करायची गरजच पडत नाही, आणि तीच सवय पुढे ३१२ ला नेते.

हात बसला की चित्र. दशकाला उभी रेघ, एककाला टिंब. टिंबं पाच-पाचच्या ओळीत काढायला लावा, कशीही विखरून काढली तर मोजण्यातच चुका होतात, पाचच्या दोन ओळी भरल्या की दहा एका नजरेत कळतात. त्या दहाभोवती गोल, गोलापासून दशकाच्या घरात बाण आणि बाणाच्या टोकाला एक नवी रेघ. गोल केलेली टिंबं खोडायला विसरतात मुलं आणि मग ती दोनदा मोजली जातात, तिथे लक्ष ठेवा.

मग वही, पण काड्या लगेच उचलून ठेवू नका. आधी फोड करून लिहू दे, २० + ७ आणि १० + ५, म्हणजे ३० + १२, म्हणजे ४२. नंतर उभी मांडणी, आणि प्रत्येक पायरी काड्यांनी केली की लगेच तेवढीच लिहायची. गठ्ठा सरकला की त्याच क्षणी दशकाच्या डोक्यावर १. ३४ + २६ नक्की द्या, सगळ्या सुट्या संपतात, एककाचं घर रिकामं, मग तिथे ० का लिहायचं हे सांगावं लागत नाही (नुसतं ६ लिहिलं तर ते सहा सुटे वाटतील, हे मुलंच बोलतात). ६८ + ५७ ला दशकाचं घरही भरून वाहतं, दहा गठ्ठ्यांचा एक मोठा गठ्ठा करायचा आणि डावीकडे शतकाचं तिसरं घर काढायचं, नियम तोच.

मण्यांची पाटी किंवा नाणी-नोटा लगेच आणू नका. काड्यांच्या गठ्ठ्यात दहा काड्या दिसतात, रबर काढून परत मोजता येतात, पण पाटीवर दशकाचा मणी एककाच्या मण्याएवढाच असतो, तो दहा आहे हे मानावं लागतं. दहाची नोटही तशीच. दहा खुणा असलेले दांडे आणि सुटे ठोकळे मध्ये चालतील, फक्त तिथे दांडा बांधता येत नाही, दहा सुटे देऊन बदलून घ्यावा लागतो, म्हणून ते काड्यांनंतरच.

आणि मुलाला समजलंय का ते उत्तरावरून ठरवू नका. सोडवलेल्या गणितातल्या हातच्याच्या १ वर बोट ठेवा आणि म्हणा, हा काड्यांत दाखव. एकच काडी उचलली तर अजून चार दिवस रबर लावू दे, गठ्ठा उचलला तर वही पुढे न्या.